घर क्रमांक पाचचं मीटर

दि. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कंबरेने हरकत घेतली. तेव्हा सात अंगांचा मानून घे, आठवं उधार.

आज एका घोर अन्यायाची फिर्याद घेऊन तुझ्या दारात उभा आहे. गॅस कचेरीने माझ्यावर लेखी आरोप ठेवला आहे की, गेल्या दोन महिन्यांत मी चव्वेचाळीस युनिट गॅस जाळला. चव्वेचाळीस! ही होती तेव्हा दोन माणसांचा स्वयंपाक, तिचा दर तासाला चहा आणि माझं आंघोळीचं पाणी, एवढं सगळं मिळून विसाच्या पुढे कधी आकडा गेला नाही. आता घरात एकच माणूस, तोही चोपन्न वर्षांचा, मंदाग्नीचा, आणि गॅस जळतो दुप्पट. मी दुसऱ्या मजल्यावर गुपचूप यज्ञ मांडलाय, असा कचेरीचा समज झालेला दिसतो. आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान काढतात. इथे धूर नाही, हवन नाही, दक्षिणा मागायला कोणी ऋत्विज आलेला नाही. आहे ते फक्त बिल. पैसे बँकेतून परस्पर जातात, उघडून वाचलं ते हे पहिलंच.

तू एकोणतीस वर्षं त्याच खात्याच्या तक्रार-खिडकीत बसून लोकांचे आवाज खाली आणलेस. तेव्हा या प्रकरणी काय करावं, ते सांग. घाई नाही. सहज विचारतोय.

तुझी अट मी विसरलेलो नाही. ही गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, "राहायचं तर राहा एकटा. पण दोन्ही वेळा घरी शिजवून खायचं, आणि काय शिजवलं ते पंधरा दिवसांनी पत्राने कळवायचं. ज्या दिवशी हे थांबेल, त्या दिवशी तुझे भाऊजी येऊन सामान बांधतील." फोन तू बाद ठरवलास, कारण फोनवर मी 'बरं आहे' म्हणून सुटतो. दीड वर्ष मी ही अट पाळतो आहे. या पंधरवड्याचा अहवाल असा: सकाळी बहुधा अंडी, दुपारी भात आणि कुठली तरी भाजी, संध्याकाळी सूप. खरं म्हणजे हे बिल मी तुलाच पुरावा म्हणून पाठवायला हवं. एवढा गॅस जाळणारा माणूस उपाशी असेल का?

कचेरीची आणखी एक गंमत. आमच्या समोर सहा नंबरात ती परिचारिका राहते ना, तिला नऊ महिन्यांची जुळी आहेत. एक रडायचं थांबलं की दुसरं पाळी घेतं. नवरा बस चालवतो, सासू घरात, म्हणजे माणसं पाच. तर त्या घराला कचेरीचं पत्र आलंय की, आपला वापर जवळजवळ शून्य आहे, घर बंद आहे काय ते कळवावं! तिने ते दारावरच टाचून ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला हसायला. कचेरीला ऐकू येत नाही हे नक्की.

भाऊजींना नमस्कार. त्यांना सामान बांधायची दोरी आत ठेवायला सांग.

तुझा,
पंडित

·

दि. ११ नोव्हेंबर

चि. पंडितास,

आशीर्वाद. नमस्कार सात अंगांचा आला, म्हणून आशीर्वादही हात आखडूनच पाठवते आहे.

आधी एक सांग, मीटर वाचतोस कसा? मीटरवर काळे आकडे असतात आणि उजव्या टोकाला लाल. वाचायचे ते काळेच. लाल म्हणजे युनिटचे तुकडे. आमच्या खिडकीत निम्म्या तक्रारी लालाच्या असायच्या. एक वकील तर लालसकट आकडा लिहून स्वतःलाच शंभरपट बिल मागून बसला होता, आणि वर आम्हालाच नोटीस. तू व्याकरणातला माणूस. तू लालाला काळा म्हणणार नाहीस, पण विचारून ठेवलेलं बरं.

दुसरं, गळती. याला 'सहज विचारतोय' म्हणायचं नसतं. घरातलं सगळं बंद कर. खाली जाऊन लाल आकड्यासकट मीटर लिहून घे आणि तासाभराने पुन्हा बघ. शेवटचा लाल आकडा तसूभरही सरकला तर शेगडीला हात लावू नकोस. खिडक्या उघड, बाहेर पड आणि कचेरीच्या तातडीच्या नंबरला फोन कर. नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणीही लावून बघ, बुडबुडा आला तर तेच. हे पत्र मिळेल त्याच दिवशी करायचं. उद्या नाही.

गळती नसेल तर गॅस जळतोय, एवढं नक्की. हिशोब सोपा आहे. मोठा बर्नर तासभर पूर्ण पेटला तर पाव युनिट जातं. तू लिहितोस तसं दोन वेळचं शिजवलंस, तर दोन महिन्यांत पंधरा, फार तर वीस. बाकीचे चोवीस कोणी खाल्ले? आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिही. शेजारी त्या दिवशी काय शिजवलं तेही लिही. नेहमीसारखं 'कुठली तरी भाजी' नको. भाजीला नाव असतं.

आणि मला सांग, आठ महिन्यांपूर्वी तुमच्याकडे नवी मीटरं बसली, तेव्हापासून आकडा कचेरीला तूच कळवतोस की माणूस येतो?

तुझे भाऊजी विचारतात, दोरी आत म्हणजे कुठे ठेवायची? त्यांनी ती खरंच काढली होती.

ताई

·

दि. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार, आज आठही अंगांनी. पत्र आलं त्याच दिवशी, दुपारी तीनला, तुझी परीक्षा दिली. सगळं बंद करून तासभर जिन्याखालच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसलो. लाल आकडा ढिम्म. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. समोरची सासूबाई वरून वाकून म्हणाली, "काय हो, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही, सापडतंय का बघतोय." तिला ते पटलं नसावं.

मीटर मी बरोबर वाचतो. तीस वर्षं मुद्रितं तपासून पोट भरतोय. काळं आणि लाल यांतला भेद हाच माझा चरितार्थ. आकडा आम्हीच कळवतो, घरोघरचा ज्याचा त्याने. वर्षातून एकदा तपासनीस येऊन ताडून जातो, तो आता मार्चमध्ये येईल. मीटरं दोन्ही घरांची एकाच कपाटात शेजारी शेजारी आहेत, पण गोंधळाचं कारण नाही. कोणतं कोणाचं याची कार्डं मीच स्वतःच्या हाताने लिहून चिकटवली आहेत. सोसायटीच्या चिटणिसांनी खास विनंती केली होती, अक्षरासाठी.

आता आठवड्याची नोंद. आकडे दोनदा तपासले आहेत.

सोमवारी सकाळी १६८.१०. अंडी, भात, कोबीची भाजी, टोमॅटोचं सूप. संध्याकाळी १६८.५०. मंगळवार आणि बुधवार साधारण तसेच. मंगळवारी वांगी, बुधवारी भोपळा. बुधवारी संध्याकाळी १७०.००. गुरुवारी छापखान्यात बोलावलं होतं, महिन्यातून एकदा ते माझं तोंड बघून खात्री करून घेतात. सकाळी सातला १७०.२० लिहून गेलो, संध्याकाळी सातला आलो, डबा नेला होता. १७०.७०. शुक्रवारी फ्लॉवर. शनिवारी दुपारी मटार. संध्याकाळी १७१.९०. रविवारी सुट्टी म्हणून हौसेने बटाट्याचा रस्सा, भात, उकडलेली अंडी, शिवाय दूध आटवलं. दोन-अडीच तास शेगडी चालू होती. दिवस फार शांत गेला. जुळ्यांसकट समोरचं सगळं घर शनिवारी दुपारपासून परिचारिकेच्या माहेरी गेलं होतं, ते रविवारी रात्री परतलं. त्यांच्या रडण्याची सवय इतकी झालीय की दर थोड्या वेळाने मी दाराशी जाऊन कान देत होतो. रविवारी संध्याकाळी १७१.९०.

भाज्यांना नावं दिली आहेत. समाधान झालं असेल.

तुझा,
पंडित

·

दि. २७ नोव्हेंबर

चि. पंडितास,

आशीर्वाद, पूर्ण मापाचा.

पत्र तीनदा वाचलं. तू दोनदा तपासलेले आकडे अगदी बरोबर आहेत. मजकूर चुकलाय.

गुरुवारी तू बारा तास घरी नव्हतास, आणि तुझ्या मीटरवर अर्धं युनिट गॅस जळला. रविवारी अडीच तास शेगडी पेटली, रस्सा झाला, दूध आटलं, आणि मीटर शनिवारी होतं तिथेच. लाल आकडासुद्धा हलला नाही. ज्या दिवशी जुळी घरात नव्हती, त्याच दिवशी. तू म्हणतोस धुरावरून अग्नी ओळखतात. आमच्या खात्यात लाल आकड्यावरून ओळखतात.

तू रोज वाचतोस ते मीटर तुझं नाही, समोरच्या घराचं आहे. जुळ्यांच्या बाटल्या उकळतात त्या तुझ्या बिलावर. नवी मीटरं दोन्ही शून्यापासून सुरू झाली आणि कार्डांची अदलाबदल झाली, म्हणून आठ महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. कार्डं कोणी लिहिली ते तूच कळवलंयस. मी काही म्हणत नाही.

खात्री करायची एकच रीत आहे. तुझ्या घरातला एक बर्नर पेटवायचा आणि त्याच वेळी खाली कोणीतरी दोन्ही मीटरं बघायची, कोणाचं लाल चाक फिरतं ते. पेटती शेगडी सोडून तू खाली धावायचं नाही, समजलं? ही परीक्षा एकट्या माणसाला देता येत नाही. समोरच्या बाईंना हाक मार. इतके महिने शेजारी आहेत, बोलला नसशील तर आता बोल.

आणि त्या दुसऱ्या मीटरचा काळा आकडा मला कळव. तो वाचल्याशिवाय मी काहीही बोलणार नाही. तुझ्या भाऊजींनाही बोलू देणार नाही. खिडकीत बसून एक गोष्ट शिकले: माणूस लाजेपायी काहीही लिहितो, मीटरला लाज नसते.

ताई

·

दि. १२ डिसेंबर

चि. पंडितास,

पंधरा दिवस झाले. पत्र नाही. फोन केला तर 'बरं आहे' म्हणालास आणि ठेवलास.

रागावलेले नाही. फक्त आकडा कळव. पत्रात दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ताई

·

दि. १७ डिसेंबर

ताई,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. सरळ लिहितो.

परीक्षा मी तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी केली. पंधरा मिनिटं दाराशी उभं राहून 'एक विनंती होती' हे वाक्य पाठ केलं आणि समोरची बेल वाजवली. परिचारिका नुकती कामावरून आली होती. एक पोर तिच्या कडेवर होतं, दुसरं आत आपली पाळी पार पाडत होतं. तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे मी खाली जाऊन ओरडायचं, एवढंच ना? ते येतं मला." आणि पोरासकट गेली.

मी शेगडीजवळ आलो. लायटर चालेना. काडेपेटी सादळलेली. शेवटी हिच्या ड्रॉवरमध्ये मेणबत्तीबरोबर ठेवलेली दुसरी पेटी सापडली. बर्नरची कळ इतकी घट्ट झाली होती की दोन्ही हात लागले.

"पेटवला का हो?" खालून आवाज.

"पेटवला!"

"तुमचा हलत नाही! लहान केलाय का?"

"मोठा आहे!"

"मग अहो, माझा फिरतोय! माझ्या कार्डाचा! आमचा गॅस घरात बंद आहे, सासूबाईंना विचारून आलेय! शेजारी घुसलात की काय?" जिन्यात तिचं हसणं घुमलं, कडेवरचं पोरही हसलं. मी शेगडी बंद करून खाली गेलो.

चूक कशी झाली तेही कळलं. मार्चमध्ये कार्डं लिहून झाल्यावर मी कपाटाकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि विचार केला: आमचं घर डाव्या हाताला, तेव्हा आमचं मीटरही डाव्या हाताचं. इथपर्यंत तर्कात दोष नाही. मग चिकटवायला वळलो. वळल्यावर डावं उजवं झालं आणि मी मात्र डावं धरूनच बसलो. दुसऱ्यांचे दोष शोधून पोट भरणाऱ्याने स्वतःच्या सुंदर अक्षरात स्वतःच्या घराचा पत्ता चुकवला.

ती म्हणाली, "म्हणजे आठ महिने माझ्या पोरांच्या बाटल्या तुम्हीच उकळल्यात! कचेरीला सांगून करू आपण बरोबर." मग ती खाली वाकली आणि उजवीकडच्या, म्हणजे खरोखरच्या पाच नंबरच्या मीटरचा आकडा मोठ्याने वाचला. आणि पुन्हा वाकून बघितला.

आकडा तीन आहे, ताई. शून्य शून्य शून्य शून्य तीन.

"आठ महिने?" तिने विचारलं. मनात आलं, प्रवासात होतो म्हणून सांगावं. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण तुम्ही तर घरीच असता. दाराआडून खोकला ऐकू येतो तुमचा." रोज माणसांच्या नाड्या मोजणारी बाई ती. तिने वर जाऊन दारावरचं कचेरीचं पत्र काढलं, टाचणीसकट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे मग तुमचं." या वेळी कोणी हसलं नाही.

त्या तीनातले दोन युनिट तुझे आहेत. जूनमध्ये तुम्ही दोघं चार दिवस आलात, तू दोन्ही वेळा रांधलंस आणि भाऊजींना सारखा चहा दिलास, ते. उरलेलं एक माझं. आठ महिन्यांत एक.

कोबी, वांगी, भोपळा, मटार, काहीही शिजलं नाही. पाव, केळी, कोपऱ्यावरच्या दुकानातली उकडलेली अंडी आणि गार दूध. चहा विजेच्या किटलीत. सुरुवातीला शिजवत होतो, खरंच. पण एकट्याचं माप मला येत नाही. दोघांचं होतं, आणि उरलेलं दोन दिवस फळीवर बसून माझ्याकडे बघतं. म्हणून थांबलो. तुला कळवत मात्र राहिलो, कारण सामान बांधायचं म्हणजे हिची फळी, हिचे डबे, हिने लावलेले खिळे, सगळं सोडून जायचं.

बिल बघितलं त्या क्षणीच मला ठाऊक होतं की तो गॅस माझा नाही. गळती असेल अशी भीती वाटली. पण 'मी काही शिजवतच नाही, मग जळतंय काय?' हे तुला विचारायचं कसं? म्हणून यज्ञाची थट्टा करून पाठवलं. तू हसशील आणि उत्तर देशील असं वाटलं. तू उत्तर दिलंस.

अट मोडली आहे. भाऊजींना दोरी घेऊन पाठवायचं तर पाठव, मी अडवणार नाही. पण आणखी दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

पहिली ही. परिचारिकेने ठरवून टाकलंय, मला न विचारता, की रोज संध्याकाळी कामावर जाताना ती कपाट उघडून माझा लाल आकडा बघणार. हलला नसेल तर वर येऊन बेल वाजवणार. पहिले चार दिवस वाजवली. पाचव्या दिवशी मी भात लावला. दोघांचा झाला. अर्धा समोर दिला, सासूबाई म्हणाल्या की मऊ फार झालाय, पोरांना चालेल. आज सकाळी आकडा ३.९० आहे. आता वाचतोय ते उजवीकडचं, खात्री कर म्हणालीस तर पुन्हा करतो.

दुसरी गोष्ट त्या पत्राची. त्याखाली दोन चौकटी आहेत, 'घर बंद आहे' आणि 'घर वापरात आहे'. एकीवर खूण करून परत पाठवायचं. अडीच आठवडे ते माझ्या टेबलावर पडलंय. त्यातले दोन छापील दोषही काढून झाले. खूण मात्र होत नव्हती. तुला पत्र न लिहिण्याचं कारण तेच, दुसरं काही नाही. काल एकदाची केली, खालच्या चौकटीत. उद्या टपालात टाकतो.

कचेरीचं मी मनाला लावून घेतलेलं नाही, ताई. त्यांनी आकडा वाचला आणि जे दिसलं ते विचारलं. मला भीती वेगळीच वाटते. एप्रिलमध्येच मी मेलो असतो, तरी नोव्हेंबरमध्ये या मीटरवर दोन-तीन युनिटांचाच फरक पडला असता, त्यातले दोन तर तुम्ही आला होतात म्हणून.

पंडित